कच्चा डाख

आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळे चालते, अशी सौ.ची जुनी तक्रार. तक्रार खोटी नव्हती. टेबलाच्या एका कोपऱ्यात सोल्डरिंग आयर्न, वायरींची भेंडोळी, चिमटे आणि घड्याळजीचे भिंग असा माझा दुसरा संसार कित्येक वर्षे मांडलेला होता. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर कोणी गीतेच्या वर्गाला जातात, कोणी पहाटे पर्वती चढतात. मी घरच्या घरी ऑडिओ केबली बनवू लागलो. रेडिओपासून स्पीकरपर्यंत, टेपपासून कॉम्प्युटरपर्यंत गाणे वाहून नेणाऱ्या या वायरी बाजारात तयार मिळत नाहीत असे मुळीच नाही. मिळतात, आणि माझ्या केबलीपेक्षा स्वस्त मिळतात. पण बुधवारातल्या तपकीर गल्लीत जाऊन हातांनी चाचपून वायर घ्यावी, प्लग पारखून घ्यावेत, घरी येऊन ते जोडावेत आणि मग त्यातून भीमसेनांचा षड्ज ऐकू यावा, यात एक निराळेच सुख आहे. लोणचे दुकानात मिळते म्हणून घरी घालायचे कोणी थांबले आहे काय?

आता या उद्योगात अवघड असे काय, असे वाचकांना वाटेल. वायर साधीच असते. मध्ये बारीक तारांचा एक पदर, त्यावर प्लास्टिकचे वेष्टन, त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारांची जाळी आणि सर्वांत वर रबरी कवच. गाणे आतल्या पदरातून जाते. जाळी दोन कामे करते : ती परतीची वाट असते, आणि घरातल्या विजेची ५० आवर्तनांची घरघर आत येऊ न देणारा पहारेकरीही असते. दोन टोकांना दोन प्लग लावायचे, म्हणजे चार जोड. चार जोडांत चुकायचे ते काय?

माझे वडील सोल्डरला ‘डाख’ म्हणत. आमच्या वाड्यात वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा खणून भाता बसवायचा, आणि आम्ही पोरे भोवती कडे करून बसायचो. तो आधी पातेले चांगले तापवी. मग नवसागराची चिमूट टाकी. भसकन पांढरा धूर उठे. मग कथलाची कांडी नुसती टेकवली की कथील पाण्यासारखे पसरे, आणि कापसाच्या बोळ्याने तो ते असे फिरवी की काळेकुट्ट पातेले पाहता पाहता चांदीचे होई. एकदा मी त्याला विचारले होते, ‘कांडीच आधी तापवून का नाही ओतत?’ तो हसून म्हणाला होता, ‘मग ती बसंल, धरायची नाही.’

सोल्डरिंगचे सगळे शास्त्र त्या एका वाक्यात आहे. आपण सोल्डर म्हणून जी तार वापरतो तिच्यात बहुधा ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे असते, किंवा ६३ आणि ३७. हे दुसरे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम थिजते. ६०-४० मात्र थिजताना काही अंशांपुरते लापशीसारखे होते, आणि तेवढ्यात हात हलला तर जोड आतून भुसभुशीत राहतो. तारेच्या पोटात राळ भरलेली असते. नवसागराचे काम येथे राळ करते, म्हणजे तांब्यावरचा गंज खाऊन टाकते. (नवसागर इथे चालत नाही. त्याने जोड होतो, पण पुढे महिनोन् महिने तांबे कुरतडत राहतो.) तांबे पुरेसे तापलेले असले तर कथील त्याच्यावर नुसते बसत नाही, त्याच्याशी संयोग पावते आणि दोघांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारा नवा थर तयार होतो. हेच ते ‘धरणे’. तांबे थंड असेल तर कथील त्यावर थेंबासारखे बसून राहते. दिसायला जोड, प्रत्यक्षात शेजार.

हे सगळे मला ठाऊक होते. तरीही पुढची हकीकत घडली, म्हणून ती सांगायची.

आमचा वाडा पडून तिथे इमारत झाली, पण जुने बिऱ्हाडकरू बरेचसे तिथेच राहिले. तळमजल्यावरच्या काकू त्यांतल्याच. मी अकरा वर्षांचा असताना त्या लग्न होऊन वाड्यात आल्या. काका जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. २०१९ च्या श्रावणात काकूंनी मला बोलावून माळ्यावरून एक पेटी काढायला लावली. पेटीत काकांचा स्पूल टेपरेकॉर्डर होता, जर्मन बनावटीचा, आणि दोन स्पुले. एकावर काकांच्या अक्षरात ‘बारसे १९६९’ असे लिहिलेले. दुसऱ्यावर काहीच नाही.

‘तू ते वायरींचं काहीतरी करतोस ना? याचं त्या कॉम्प्युटरात भरून दे मला,’ काकू म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, दाराकडे बघत म्हणाल्या, ‘त्यात ह्यांनी मला नावानं हाक मारलीय.’

तरुण वाचकांना यात काय विशेष ते कळायचे नाही. काकूंच्या सासूबाई होत्या, दीर होते, वाडाभर माणसे होती. अशा घरात नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. ‘अगं’, ‘ऐकलंस का’, फार तर ‘बाळाची आई’. बारशाच्या सकाळी यंत्र चालते की नाही हे पाहताना, सासूबाई देवघरात आहेत अशा समजुतीने, काकांनी काकूंना नाव घेऊन माइकजवळ बोलावले होते. ‘चारचौघांत ऐकू जाईल असं एवढंच एकदा,’ काकू म्हणाल्या.

मी स्पूल उजेडासमोर धरून पाहिले. त्यातून प्रकाश आरपार दिसला, आणि नाकाजवळ नेल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. त्या काळच्या पुष्कळ फितींचा पाया अ‍ॅसिटेटचा असे. तो जुना झाला की आंबतो, आकसतो आणि वाळक्या पानासारखा कडक होतो. अशी फीत किती वेळा फिरेल याचा भरवसा नसतो. एकदाच फिरवायची आणि त्या एका फेरीत सगळे उतरवून घ्यायचे, असे धरून चालावे लागते.

यंत्राचे पट्टे बदलून ते एका जाणत्या मेकॅनिककडून चालू करून घेतले. राहिली केबल. त्या यंत्राला पाठीमागे पाच पिनांचे गोल सॉकेट होते. जर्मन प्रमाणसंस्थेच्या नावावरून त्याला ‘डिन’ म्हणतात. मधली दुसरी पीन जमिनीची, तिसऱ्या पिनेवर टेपचा आवाज बाहेर येतो. दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरचा साडेतीन मिलिमीटरचा प्लग. माझ्यासारख्याला ही पर्वणीच. संध्याकाळी जेवणापूर्वी केबल तयार. मल्टिमीटर लावला, बीप वाजली. चारही जोडांवर बीप. मी केबल गळ्यात हारासारखी घालून स्वयंपाकघरात जाऊन सौ.ला दाखवली. ती म्हणाली, ‘पानं घ्या.’

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. इरकली नेसून आल्या होत्या. मी कॉम्प्युटर लावला, कळ दाबली, स्पूल फिरू लागले. आधी नुसती सळसळ, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग एक खाकरणे. ‘हेच,’ काकू म्हणाल्या आणि यंत्राकडे वाकल्या. वाकताना त्यांचा हात केबलीला लागला असावा. काकांचा आवाज आला, ‘अहो, कोणी आहे का? बरं...’ आणि पुढे घऽऽर्र अशी घरघर सुरू झाली, ती सगळे गिळून गेली.

मला वाटले फीत खराब. इथे मी पहिला मूर्खपणा केला : माझ्या हातच्या केबलीवर संशय घ्यायचे माझ्या मनातही आले नाही. यंत्र थांबवले, आवाज बारीक केला, फीत थोडी मागे घेतली, पुन्हा लावली. घरघर. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चार वेळा, पाच वेळा, त्याच वीतभर फितीवर. दर वेळी मागे घेताना मी आवाज बारीक करत होतो, हा दुसरा मूर्खपणा. कारण तसे केले नसते, तर यंत्र थांबलेले असतानाही घरघर चालूच आहे हे लगेच कळले असते. सहाव्या खेपेला फितीला हिसका बसला, ती तुटली आणि तिचे टोक फिरत्या रबरी चाकात गुंडाळून चुरगळले. मी घाईने यंत्र बंद केले. आता स्पूल स्थिर, फीत तुटून लोंबतेय, आणि स्पीकरमधून घरघर येतेच आहे. काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी केबलीला हात लावला. घरघर थांबली.

तुटलेली फीत जोडता येते, ती मी जोडली. पण चुरगळलेला भाग सरळ झाला नाही. ती फीत सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर पळते, म्हणजे वीतभर फीत म्हणजे जेमतेम अडीच सेकंद. नाव तेवढ्यातच होते. बाकी अर्ध्या तासाचे बारसे व्यवस्थित उतरले : पाळणा, बायकांचे हसणे, घुगऱ्यांवरून झालेली गडबड. नाव मात्र नाही. पहिल्या फेरीच्या घरघरीतून मी कॉम्प्युटरवर ५० आवर्तने आणि तिच्या पटी गाळून पाहिल्या. पहिले अक्षर ऐकू येते. पुढचे नाही.

‘राहू दे रे,’ काकू म्हणाल्या. ‘मला आलं ऐकू.’

ते खरे होते की माझ्यासाठी म्हटलेले, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

त्या रात्री मी केबलीचे शवविच्छेदन केले. भिंगातून पाहिले तर जमिनीच्या पिनेवरचा जोड टुमदार होता. वाटाण्यासारखा गोल आणि गुबगुबीत. इथेच पाहणाऱ्याने सावध व्हावे. चांगला जोड गुबगुबीत नसतो. तो तारेच्या अंगाला लागून आत वळलेला, कडेला पातळ होत गेलेला असतो, आणि आतल्या तारांची वळणे त्यातून जाणवतात. (चकाकी पाहावी असेही सांगतात, पण बिनशिशाच्या सोल्डरचा चांगला जोडही मंदच दिसतो. तेव्हा रंगापेक्षा आकार पाहावा.) चिमट्याने जाळी ओढली, तशी ती त्या वाटाण्यातून अलगद निसटून बाहेर आली. मागे एक भोक राहिले, आणि भोकाला आतून राळेचा तपकिरी लेप. म्हणजे कथील तांब्याला भेटलेच नव्हते. मध्ये राळेची भिंत होती. जाळीत तांबे पुष्कळ, ती उष्णता पिऊन टाकते. माझे २५ वॅटचे आयर्न तिला पुरे पडले नव्हते, आणि प्लगचे प्लास्टिक वितळेल या भीतीने मी ते लवकर उचललेही होते.

मग बीप का वाजली? ती वाजणारच. मीटर त्या वेळी तारेतून नखभर वीज सोडतो, आणि वाटेत पाच-पंचवीस ओहमचा अडथळा असला तरी खुशाल वाजतो. शिवाय मी केबल टेबलावर सरळ, न हलवता ठेवली होती. लग्नाच्या बोलणीला आलेल्या मुलासारखी ती तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागली.

त्यानंतरचे काही महिने मी नवी केबल बनवण्यापेक्षा जुन्या बिघडवण्यात घालवले. घरातल्या बावीस केबली परीक्षेला बसवल्या. परीक्षक मीच, आणि परीक्षार्थींचा बापही मीच. ही अडचण मोठी. आपल्या हातच्या कामाला आपण नकळत हळुवारपणे हलवतो. म्हणून अर्ध्या केबली मी नातवाच्या हातात दिल्या. तो बारा वर्षांचा आहे आणि त्याला वस्तूंबद्दल माया नाही.

आधी भिंग. मग बोटांनी ओढ : प्रत्येक तार तिच्या जोडापाशी धरून ओढायची, तुटेल अशी नव्हे, पण भिऊनही नाही. याच ओढीत दुसरा एक दोष सापडतो. सोल्डर बारीक तारांत वर चढत जाते आणि जोडाच्या मागचा भाग काडीसारखा ताठ होतो. ताठ भाग आणि मऊ भाग यांच्या सीमेवर तारा एकेक करून तुटतात. तिथे जोड निर्दोष असतो आणि केबल मरते. म्हणून प्लगमधली पकड रबरी कवचावर घट्ट बसली आहे ना, हे पाहायचे, म्हणजे ओढ जोडापर्यंत पोचत नाही.

मग स्कूटरची जुनी बॅटरी आणि दहा वॅटचा दिवा. केबलीचा एक पदर त्या दिव्याच्या वाटेत घालायचा. बारा व्होल्टला त्यातून पाऊण अँपिअरच्या वर वीज जाते. बीपच्या मानाने हा पूर आहे. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एकेका जोडाच्या अल्याड-पल्याड टेकवायचा. चांगल्या जोडावर एक मिलिव्होल्टही दिसत नाही. माझ्या त्या गुबगुबीत जोडाची एक जुळी बहीण दुसऱ्या केबलीत निघाली. तिच्यावर चाळीसच्या पुढे आकडा, तोही क्षणाक्षणाला बदलणारा, आणि वायर वाकवली की दिवा लुकलुके. बीप मात्र तिचीही खणखणीत होती.

पण सर्वांत कडक परीक्षा कानाची. मोबाइलवरून एक हजार आवर्तनांचा सरळ सूर लावायचा, केबलीतून तो कॉम्प्युटरात घ्यायचा, ऑडॅसिटी नावाचे फुकट मिळणारे साधन त्याची रेघ काढत बसते. पाच मिनिटे सूर चालू ठेवून केबल वाकवायची, पिळायची, प्लगवर पेन्सिलीने टकटक करायची. मीटरला जो क्षणभराचा तुटवडा कळत नाही तो कानाला ‘टक्’ असा कळतो आणि पडद्यावर दाताच्या फटीसारखा दिसतो. डिनच्या टोकाला सूर देण्यासाठी मी पाच पिनांचे एक सॉकेट मोबाइलच्या वायरीला जोडले. त्या वायरीची परीक्षा कोणी घेतली, असे नातवाने विचारले. प्रश्न रास्त होता. ती आधी घ्यावी लागली, आणि ती नापास झाली.

शेवटची कसोटी फ्रिजची. केबल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी काढून कोरडी होऊ द्यायची, मग केस वाळवायच्या यंत्राने तापवायची, आणि पुन्हा सूर लावायचा. धातू आणि प्लास्टिक सारखे आकसत नाहीत, त्यामुळे जो जोड नुसता टेकलेला असतो तो बहुधा इथे उघडा पडतो. याला मी प्रयोगशाळेची कसोटी म्हणणार नाही. कोथिंबिरीच्या जुडीखाली केबल सापडल्यावर सौ.ने जे म्हटले तेही इथे देत नाही. माझा संसार टेबलावरून गॅलरीत गेला तो त्याच दिवशी. सोल्डरमध्ये शिसे असते हे तिला नातवाने सांगितले होते, आणि या बाबतीत ती संपूर्ण बरोबर होती.

बावीसांपैकी पाच नापास झाल्या. त्यांतल्या तीन मी मित्रांना भेट देणार होतो.

काकूंसाठीची केबल मी नव्याने बनवली. या वेळी ४० वॅटचे आयर्न घेतले, जाळीला आधी वेगळी कल्हई केली, पिनेलाही केली, आणि जोडताना प्लग एका रिकाम्या सॉकेटात खुपसून ठेवला. त्याने प्लास्टिक मऊ झाले तरी पिना वाकड्या होत नाहीत. जाळी तापेपर्यंत थांबलो. एक क्षण असा येतो की सोल्डर आपणहून जाळीत शिरते, ओढून घेतल्यासारखे. तो पाहिला. मग सगळ्या परीक्षा, त्यातही नातवाची. तीन वेळा फ्रिज.

काकूंकडे मात्र मी विषय काढला नाही. दुसरे स्पूल त्यांच्याकडेच होते, आणि ते मागण्याचे तोंड मला नव्हते. पुढे साथीची दोन वर्षे गेली. २०२२ च्या दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी काकू जिना चढून वर आल्या. हातात अनारशांचा डबा, आणि डब्यावर ते बिननावाचे स्पूल.

‘यात काय आहे मला आठवत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘काही नसेलही.’

मी गॅलरीतून केबल आणली. काकूंनी ती हातात घेऊन दोन्ही टोके निरखली, जणू त्यांना त्यातले कळते.

‘ती फ्रिजात ठेवून झाली का? तुझी बायको सांगत होती.’

‘झाली, काकू.’

‘मग लाव.’

मी कळ दाबली. सळसळ. या वेळी काकू वाकल्या नाहीत, हात मांडीत धरून बसल्या. मीच मुद्दाम केबल एकदा हलवून पाहिली. काही नाही, सळसळ तशीच स्वच्छ. मग काकांचा आवाज आला, मोठा आणि स्पष्ट. यंत्राची चाचणी घेण्यासाठी ते वाण्याची यादी वाचत होते. तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, काडेपेट्या. प्रत्येक जिनसापुढे वजन. यादी संपली तेव्हा लांबून, बहुधा स्वयंपाकघरातून, एका तरुण बाईचा आवाज आला, ‘रवा राहिला.’

‘अरेच्चा, रवा,’ काका म्हणाले, आणि टेप खटकन बंद झाली.

काकू बराच वेळ फिरत्या स्पुलाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘रवा नेहमीच राहायचा.’